डोंगराळ मार्गावरील सायकल सफरीत मागच्या चाकाचे स्पोक वारंवार तुटत असतील तर

लक्षण बहुधा एकसारखेच असते. सामान लादलेल्या सायकलच्या मागच्या चाकातून ‘टिंग’ असा आवाज येतो, एखादा खडा उडून लागला असावा असे वाटते, आणि शंभर-दीडशे मीटर पुढे गेल्यावर मागचा ब्रेक चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा घासू लागतो. उतरून पाहावे तर एक स्पोक हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, तुटून लोंबकळत असतो. तो बदलला जातो, चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला जातो आणि सफर पुढे सुरू होते. दोन दिवसांनी दुसरा स्पोक तुटतो आणि मग तिसरा. माझ्या बारा दिवसांच्या एका घाटवाटांच्या सफरीत असे चार स्पोक गेले, आणि चौथा जाईपर्यंत मला त्या चाकाचा पुरता हिशेब लागला होता. तोच हिशेब येथे मांडतो.

सफरीत सोबत असलेल्यांनी आणि वाटेत भेटलेल्या कारागिरांनी पहिल्यांदा दिलेले कारण एकच होते: चढावर पेडल फार जोराने मारले म्हणून स्पोक तुटला. हे कारण पटण्यासारखे वाटते, परंतु माझ्या चारपैकी तीन स्पोक सपाट रस्त्यावर, पेडलवर फारसा भार नसताना तुटले. पेडलच्या जोरामुळे स्पोकांच्या ताणात पडणारा फरक हा सायकलस्वाराच्या आणि सामानाच्या वजनाने पडणाऱ्या फरकापेक्षा पुष्कळ कमी असतो. त्यामुळे चढाला दोष देऊन हलका गिअर वापरत राहिल्याने गुडघ्यांना आराम मिळेल, पण स्पोक वाचणार नाहीत.

स्पोक तुटतो कसा

चाकातला प्रत्येक स्पोक बांधणीच्या वेळीच ताणून ठेवलेला असतो. चाकावर वजन आले की जमिनीला टेकलेल्या भागाजवळच्या तीन-चार स्पोकांचा ताण कमी होतो, आणि बाकीच्यांचा जवळपास तसाच राहतो. चाक फिरते तसा प्रत्येक स्पोक एकदा खाली येतो, थोडा सैलावतो आणि वर जाताना पुन्हा ताठ होतो. टायर जिथे बसतो तिथे ६२२ मिलिमीटर व्यास असलेल्या रिमवर ४० मिलिमीटरचा टायर असेल, तर परीघ सुमारे २.२ मीटर भरतो. म्हणजे एका किलोमीटरला साडेचारशेहून थोडे अधिक फेरे, आणि हजार किलोमीटरला साडेचार लाख. एखादी तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवून तोडावी, तसाच हा प्रकार आहे. फक्त येथे वाकवणे अत्यंत सूक्ष्म असते आणि त्याची मोजणी लाखांत होते. धातूच्या या थकव्याची चीर स्पोक जिथे वाकून हबच्या भोकात शिरतो त्या कोपरावर सुरू होते, कारण तेथे तो कारखान्यातच वाकवलेला असतो आणि त्या वाकवण्याचा अंतर्गत ताण धातूत शिल्लक असतो.

तुटलेल्या स्पोकचे डोके फेकून देऊ नये. फोनच्या कॅमेऱ्याने तुटलेला पृष्ठभाग मोठा करून पाहिला, तर त्याचा बराचसा भाग मंद, गुळगुळीत आणि कधी कधी किंचित गंजलेला दिसतो, आणि एका कडेला लहानशी चकचकीत, खरबरीत पट्टी असते. गुळगुळीत भाग म्हणजे आठवडे न् महिने हळूहळू पसरत गेलेली चीर. चकचकीत पट्टी तेवढी आज तुटलेली. माझ्या पहिल्या स्पोकचे डोके पाहिले तेव्हा चकचकीत भाग संपूर्ण छेदाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा होता, म्हणजे ती चीर मी घरून निघण्यापूर्वीच तयार झालेली होती.

मग डोंगराचा यात वाटा किती? तो आहे, पण वेगळ्या मार्गाने. ८ टक्के चढावर एकूण वजनाच्या साधारण ८ टक्के भार पुढच्या चाकावरून मागच्या चाकावर सरकतो, कारण भारमध्याची उंची आणि दोन चाकांमधले अंतर ही दोन्ही मापे एक मीटरच्या आसपास असतात. माझे वजन, सायकल आणि सामान मिळून १११ किलो होत होते, म्हणजे आधीच भारावलेल्या मागच्या चाकावर आणखी नऊ किलोंची भर. उतारावर वेगात असताना खड्डा किंवा रस्त्याची तुटलेली कड लागली की क्षणभर येणारा भार याहूनही कितीतरी जास्त असतो. सपाट प्रदेशात जे चाक चार-पाच हजार किलोमीटर कुरकुरत का होईना चालले असते, ते घाटात पहिल्या आठवड्यातच उघडे पडते.

कोठे तुटला, कोणत्या बाजूला तुटला

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी हे दोन प्रश्न सोडवावेत, कारण कोपराशी तुटलेला स्पोक आणि मध्येच तुटलेला स्पोक यांची कारणे एकमेकांशी संबंध नसलेली असतात. स्पोक मध्यावर किंवा कॅसेटच्या (मागच्या दातेरी चक्रांच्या संचाच्या) मागे दडलेल्या भागात तुटला असेल आणि शेजारच्या स्पोकांवर ओरखडे दिसत असतील, तर कधीतरी चेन सर्वांत मोठ्या चक्रावरून घसरून कॅसेट आणि स्पोक यांच्यामध्ये पडली होती, असे समजावे. ओरखडा पडलेले सगळे स्पोक बदलणे आणि डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचा) मर्यादा-स्क्रू नीट लावणे हाच त्यावर उपाय. निपलच्या (स्पोकचे टोक रिममध्ये आवळून धरणाऱ्या लहान नटाच्या) तोंडाशी, आट्यांवर तुटला असेल तर स्पोक निपलमधून तिरका निघतो आहे. निपलचे डोकेच उडाले असेल तर स्पोक आखूड आहे किंवा निपल अॅल्युमिनियमचे आहे, आणि सफरीच्या सायकलला पितळी निपलच बरे. निपलच्या भोकाभोवती रिमला बारीक भेगा दिसल्या, तर पुढचे काहीही वाचण्याची गरज नाही. ती रिम संपली आहे, आणि ताण वाढवल्यास भेगा फक्त वाढतील.

बहुतेकांचे स्पोक कोपराशीच तुटतात. तेव्हा बाजू पाहावी. मागच्या हबच्या उजव्या बाजूला कॅसेटला जागा द्यावी लागत असल्याने उजवी फ्लँज (स्पोक अडकवण्याची भोके असलेली हबची कड) मध्याकडे सरकलेली असते, उजवे स्पोक जवळपास उभे उतरतात आणि रिम मध्यावर राहावी म्हणून त्यांना डाव्यांपेक्षा बरेच अधिक ताणावे लागते. डाव्या स्पोकांचा ताण उजव्यांच्या निम्म्याहून थोडा अधिक, इतकाच असणे ही नेहमीची गोष्ट आहे. आता संपूर्ण चाकच कमी ताणाचे बांधलेले असेल, तर डावे स्पोक खाली येताना नुसते सैलावत नाहीत, ते पार ढिले पडतात. कोपर भोकात हलतो, निपल हळूहळू उलटे फिरू लागते आणि चीर लवकर पडते. सतत डावीकडचेच स्पोक तुटत असतील, तर चाक कमी ताणाचे आहे असा निष्कर्ष जवळजवळ डोळे मिटून काढता येतो. माझे चारही डावे होते. डिस्क ब्रेक असलेल्या सायकलींत ब्रेकचा पीळही हबमार्फत स्पोकांवर येतो, त्यामुळे लांब उतारांवर डाव्या बाजूची ही दुर्बलता अधिक लवकर बाहेर पडते.

खात्री करण्यासाठी सामान उतरवून सायकल उलटी ठेवावी आणि एकेक स्पोक रिमपासून साधारण समान अंतरावर नखाने छेडावा. उजव्यांची तुलना उजव्यांशी आणि डाव्यांची डाव्यांशीच करावी, कारण दोन्ही बाजूंचा सूर मुळातच निराळा असतो. एकाच बाजूचे सूर जवळपास जुळत असतील तर बांधणी समतोल आहे. माझ्या चाकात उजवे स्पोक बऱ्यापैकी वाजत होते. डाव्यांपैकी सहा-सात मात्र वाजतच नव्हते, सैल पडलेल्या दोरीसारखा नुसता ‘थप्प’ आवाज देत होते.

वाटेतली तात्पुरती सोय

स्पोक तुटल्याचे कळताच थांबावे. लोंबकळणारा तुकडा डिरेलरमध्ये अडकला तर एका स्पोकच्या नुकसानीचे मोठ्या मोडतोडीत रूपांतर होते. तुकडा काढता येत नसेल तर शेजारच्या स्पोकभोवती गुंडाळून ठेवावा. तुटलेल्या स्पोकच्या जागी रिम विरुद्ध बाजूला ओढली जाते, आणि त्याला लागून असलेले दोन्ही स्पोक नेमके त्या विरुद्ध बाजूचेच असतात. म्हणून ते दोन्ही अर्धा-अर्धा फेरा सैल केले की रिम पुष्कळशी जागेवर येते. ३६ किंवा ३२ स्पोकांच्या चाकावर एवढ्याने मुक्कामापर्यंत जपून जाता येते. त्याहून कमी स्पोक असतील तर चालत जाण्याची तयारी ठेवावी. रिम ब्रेक घासत असेल तर तो थोडा मोकळा करावा, पण तशा ब्रेकवर लांबचा उतार उतरू नये.

निपल फिरवण्याच्या दिशेबाबत फसगत फार होते. टायरच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने निपल आवळले जाते, आणि हबच्या बाजूने पाहिल्यास नेमके उलट. चाकाच्या वरच्या टोकावर, वरून पाहत काम करताना जी दिशा बरोबर असते, तीच खालच्या टोकाला चुकीची ठरते. संधिप्रकाशात, थकलेल्या डोक्याने मी एकदा दोन निपले आवळायची म्हणून दोन-दोन फेरे सैल करून बसलो होतो, आणि रिम अधिकच वाकडी का होते आहे हे दहा मिनिटे समजत नव्हते. तेव्हापासून काम नेहमी चाकाच्या एकाच टोकावर, चाक फिरवत करतो. आणखी एक: प्रत्येक फेऱ्याचा हिशेब ठेवावा. २ मिलिमीटर जाडीच्या स्पोकवर एका इंचात ५६ आटे असतात, म्हणजे निपलचा पूर्ण फेरा जेमतेम ०.४५ मिलिमीटरचा असतो. आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु चाकात पाव फेऱ्याचाही फरक दिसतो.

डावा स्पोक बदलणे सोपे असते. उजवा तुटला तर आधी कॅसेट काढावी लागते, आणि त्यासाठी लॉकरिंगचा (कॅसेट हबवर आवळून धरणाऱ्या कडीचा) दातेरी पाना आणि चक्रे धरून ठेवणारा चेनचा पट्टा अशी दोन अवजारे लागतात. सफरीसाठी एक लहान पर्याय मिळतो, जो लॉकरिंगमध्ये बसवून फ्रेमला टेकवतात आणि पेडल पुढे दाबून लॉकरिंग सैल करतात. कॅसेटऐवजी जुन्या पद्धतीचे, हबच्या आट्यांवर चढणारे फ्रीव्हील असेल तर मात्र प्रत्येक चढ त्याला आणखी घट्ट आवळत असतो, आणि रस्त्याच्या कडेला ते सुटण्याची आशा न धरलेलीच बरी. निघण्यापूर्वी ते एकदा काढून, आट्यांना ग्रीस लावून परत बसवावे. याशिवाय केव्हलरच्या दोरीचा आपत्कालीन स्पोक मिळतो. तो कॅसेट न काढता हबच्या भोकातून ओवता येतो, आणि काही दिवस नीट काम देतो.

नवा स्पोक घालताना तुटलेल्याचे डोके फ्लँजच्या आतून होते की बाहेरून, आणि तो शेजारच्या स्पोकांच्या वरून-खालून कसा विणला होता, हे आधी पाहून घ्यावे. नेहमीच्या तीन छेदांच्या विणीत, म्हणजे प्रत्येक स्पोक त्याच बाजूच्या तीन स्पोकांना ओलांडतो त्या विणीत, शेवटच्या छेदाला स्पोक पलीकडून जातो. आट्यांवर तेलाचा एक थेंब टाकावा. निपल बसल्यावर स्पोक फ्लँजला चिकटून निघेल असा त्याचा कोपर अंगठ्याने दाबून बसवावा. हा अंगठ्याचा दाब बहुतेक जण विसरतात, आणि नवा स्पोक लवकर तुटण्याचे तेही एक कारण असते.

मूळ दोष कसा काढावा

तुटलेला स्पोक बदलून त्याच्या आजूबाजूचे चार स्पोक आवळले की आउट निघतो आणि चाक डोळ्यांना सरळ दिसते. माझ्या चाकावर वाटेत तीन वेळा नेमके हेच झाले. चाक सरळ असणे आणि चाकाचा ताण सारखा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन शेजारी स्पोक अति ताठ आणि तिसरा ढिला, अशाही जोडणीत रिम सरळ राहू शकते, आणि पुढचा बळी कोण हे त्याच वेळी ठरलेले असते.

डावे स्पोक सैल आहेत म्हणून फक्त डावे आवळत सुटणे ही दुसरी, अधिक फसवी चूक. तसे केल्यास संपूर्ण रिम डावीकडे सरकते. डाव्या आणि उजव्या ताणांचे प्रमाण हबच्या आकाराने बांधून दिलेले असते, म्हणून डावा ताण वाढवायचा असेल तर आधी उजवा वाढवावा लागतो. सातव्या दिवशी पावसामुळे सक्तीची विश्रांती मिळाली तेव्हा मी हेच काम तीन तासांत केले. आधी सैल डाव्यांना त्यांच्या भावंडांच्या सुरात आणले. मग व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरुवात करून सगळ्या उजव्या निपलांना अर्धा-अर्धा फेरा दिला, रिम उजवीकडे झुकली, मग डाव्यांना थोडे थोडे फिरवत तिला मध्यावर आणले, आणि हाच क्रम पाव फेऱ्याने पुन्हा केला. रिम ब्रेकच्या सायकलवर रिम मध्यावर आहे की नाही हे पाहण्यासाठी चाक काढून उलटे बसवावे. दोन्ही वेळा ब्रेकच्या रबरापासूनचे अंतर सारखे आले तर ती मध्यावर आहे.

प्रत्येक वेळी निपल हवे त्याहून किंचित पुढे नेऊन तेवढेच मागे आणावे, म्हणजे स्पोकला बसलेला पीळ निघतो. हा पीळ राहिला तर सायकल चालवायला घेताच चाकातून ‘टिक् टिक्’ आवाज येतात आणि काढलेला आउट परत येतो.

मग सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी केले जाणारे काम: एकाच बाजूच्या समांतर स्पोकांच्या जोड्या दोन्ही हातांत धरून, हातमोजे घालून, जितक्या जोराने आवळता येतील तितक्या आवळाव्यात आणि अशा रीतीने संपूर्ण चाक फिरावे. कोपराशी दडलेला वाकवणीचा ताण या क्षणिक अतिताणाने मोकळा होतो. ज्या चाकाला बांधणीनंतर हा हिसका मिळालेला नाही, त्याचे स्पोक उत्तम दर्जाचे असले तरी अवेळी तुटतात. एवढे केल्यावर चाक लाटेसारखे वेडेवाकडे झाले तर ताण रिमच्या सोसण्यापलीकडे गेला आहे असे समजून सगळी निपले अर्धा फेरा मागे घ्यावीत. ताणमापक हाताशी असेल तर उजव्या बाजूला १००० ते १२०० न्यूटन, म्हणजे सुमारे १०० ते १२० किलोग्रॅम-बल, ही नेहमीची पातळी आहे; रिमच्या उत्पादकाने याहून कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळावी.

त्याच दिवशी मागच्या पिशव्यांतले नऊ किलो सामान पुढच्या कॅरिअरवर हलवले. चोवीसच्या चोवीस किलो मागे लादण्याचा अविचार मी सहा दिवस केला होता. पुढच्या चाकात दोन्ही फ्लँज समान अंतरावर, निदान रिम ब्रेकच्या हबमध्ये तरी, असतात. ताण दोन्हीकडे सारखा असतो, आणि भार सहन करण्याची त्याची तयारी मागच्यापेक्षा चांगली असते.

तरीही नवव्या दिवशी चौथा स्पोक तुटला. याची निराशा वाटली, पण आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते: ताण सुधारल्याने नव्या चिरा थांबतात, आधी पडलेली चीर बुजत नाही. म्हणूनच पहिला स्पोक तुटला तर तो बदलावा आणि ताण तपासावा; पण काही शे किलोमीटरांत त्याच चाकाचे तीन तुटले असतील तर उरलेल्यांनीही तेवढेच फेरे सोसले आहेत हे लक्षात घेऊन, हब आणि रिम शाबूत असल्यास, सगळे स्पोक नवे घालून चाक पुन्हा बांधून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वेळी मध्ये बारीक असलेले, म्हणजे टोकांना २.० आणि मध्ये १.८ मिलिमीटर जाडीचे स्पोक निवडावेत. ‘जाड तो मजबूत’ या समजुतीमुळे लोक सरसकट जाड स्पोक मागतात. परंतु बारीक मध्यभाग जास्त ताणला जातो, धक्का शेजाऱ्यांत वाटला जातो आणि कोपरावरचा मार कमी होतो. मी परतल्यावर तसेच ३६ स्पोकांचे चाक बांधून घेतले.

आता सोबत दोन्ही लांबींचे तीन-तीन स्पोक असतात, कारण मागच्या चाकात डाव्या आणि उजव्या स्पोकांची लांबी बहुधा एक-दोन मिलिमीटरांनी वेगळी असते आणि मुक्कामावर अंधारात ती ओळखता येत नाही. लांबी कोपराच्या आतल्या बाजूपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजून मी ती चिकटपट्टीवर लिहितो, आणि त्याच पट्टीने ते स्पोक चेनच्या बाजूच्या फ्रेमनळीला बांधून ठेवतो. निपलच्या मापाचा पाना, जास्तीची चार पितळी निपले आणि केव्हलरची एक दोरी ट्यूबच्या पिशवीत असते. मुक्कामावर सामान उतरल्यावर तंबू लावण्याआधी मागच्या चाकाचे स्पोक एकदा नखाने छेडून घेतो. त्याला दोन मिनिटे लागतात, आणि एखादा ‘थप्प’ म्हणाला तर तो त्याच संध्याकाळी सुरात येतो.